चौतिसावी नोट

मी अशा गोष्टींवर कधीच विश्वास ठेवला नाही. शाळेच्या व्हॅनमध्ये मुली चकव्याच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसायचे. फेसबुकवरचा हा अनुभवांचा ग्रुपसुद्धा दोन वर्षं नुसता वाचतेय, कधी लाइकही केलं नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठीत एवढं मोठं पहिल्यांदाच लिहितेय. चुका असतील. आणि हे मी कॉम्प्युटरवर लिहिलेलं नाही. आधी वहीत लिहिलं, मग फोनवर उतरवलं. का, ते पुढे कळेल.

आमचं घर रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याला, शिरगाव सोडलं की. साधं स्लॅबचं घर. मागे कातळाचा उतार आणि त्या उतारावर हापूसची चौतीस कलमं. आई जाऊन सहा वर्षं झाली, घरात मी आणि बाबा. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल आहे, त्यावर डेस्कटॉप. मला त्यातल्या स्टिकी नोट्सच्या ॲपची सवय आहे... स्क्रीनच्या उजव्या बाजूला पिवळ्या नोट्स ऑफिसच्या, हिरव्या घरच्या. गॅस नंबर लावणे, बाबांच्या गोळ्या आणणे, असलं काहीतरी.

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या विसरण्याला डॉक्टरांनी नाव दिलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, तुम्हाला कळलंच असेल. डॉक्टर म्हणाले, आधी अलीकडचं जाईल, मग जुनं, मग माणसं. मी एकच विचारलं, "मला ओळखतील ना?" ते म्हणाले, "सध्या तरी."

त्या "सध्या"साठी काय करता येईल ते सगळं करायचं असं मी ठरवलं.

आमच्या प्रत्येक कलमाला नाव आहे. बाबांनी ठेवलेलं. उशिऱ्या, म्हणजे सगळ्यांच्या मागून फळ देणारा. मारकं, कारण त्याची फांदी पडून एका गड्याचा खांदा निखळला होता. विहिरीवरचं. जावई, कारण त्याचे लाड फार करावे लागतात. मला यातली चार-पाचच माहीत होती. शनिवार-रविवारी बागेत जायला मी नेहमी कंटाळा केला. आता वाटलं, हे बाबांकडून लिहून घ्यावं. त्यांच्या डोक्याला व्यायाम होईल आणि नावंही राहतील.

दिवाळीनंतर चार दुपारी आम्ही बसलो. बाबा माझ्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत, मी कीबोर्डवर. एका झाडाला एक हिरवी नोट. नाव, कुठे आहे, स्वभाव कसा.

"स्वभाव लिही हो. नुसतं नाव काय कामाचं?" बाबा म्हणायचे. "जावयाचं लिही, पाणी कमी पडलं की रुसतो."

"आणि जास्त झालं तर?"

"तरी रुसतो. जावईच तो!"

इतके खुशीत ते कित्येक महिन्यांत नव्हते. चौथ्या दिवशी यादी संपली. तेहतीस नोट्स. चौतिसावं मी लिहिलं नाही, कारण ते माझंच. बारशाचं कलम. माझ्या बारशाला आत्याची एसटी साखरप्याजवळ बंद पडली, म्हणून बाबांनीच माझ्या कानात नाव सांगितलं आणि त्याच संध्याकाळी ते कलम लावलं. ही गोष्ट मी हजार वेळा ऐकली आहे. ती काय लिहायची?

मग फवारणीचे दिवस आले. आमच्याकडे सखारामदादा वीस वर्षं येतात. पंप पाठीला लावून त्यांनी विचारलं, "बाबानू, उशिऱ्याला आज मारू का ऱ्हांवदे?"

बाबा म्हणाले, "उशिऱ्या? तो कोण?"

सखारामदादा हसले. "आता झाडांची वळख पन मीच करून देऊ? मग आंबे पन माझ्याच घराकडं न्हेतो."

बाबाही हसले, पण त्यांची नजर माझ्याकडे आली. त्या नजरेत काहीच नव्हतं. मी त्यांना एकेक झाड विचारत गेले. विहिरीवरचं? "विहिरीवर झाड आहे खरं." जावई? "कोणाचा जावई?" उतार संपेपर्यंत एकही नाव आलं नाही. शेवटी कुंपणाजवळच्या कलमाशी येऊन त्यांनी बुंध्यावर हात ठेवला. "सखाराम, ह्याला जपून मार हो. बारशाचं आहे, आमच्या बायचं." आणि आत्याच्या एसटीची गोष्ट सुरू झाली, साखरप्यासकट.

लिहिलेली तेहतीस गेली. न लिहिलेलं एक राहिलं.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, आजारात असं होतं. आपण जिकडे लक्ष देतो तेच आपल्याला दिसतं. मलाही ते पटलं... पटवून घेतलं. पण मन स्वस्थ बसेना, म्हणून मी एक गोष्ट केली. तिची मला अजून लाज वाटते. बाबा रोज सकाळी सात वाजता रेडिओवर बातम्या लावायचे. माझ्या जन्माच्या आधीपासून. मी एका हिरव्या नोटवर लिहिलं — बाबा सातला बातम्या ऐकतात. त्याच दिवशी वहीत लिहिलं — बाबांना चहात आलं लागतं.

दुसऱ्या दिवशी सात वाजले, सव्वासात झाले. रेडिओ गप्प. बाबा ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत होते. मी चहा दिला. एक घोट घेऊन म्हणाले, "आलं विसरलीस गो?"

वहीतलं शिल्लक होतं.

मी ती नोट डिलीट केली. कॉम्प्युटर बंद-चालू केला. बाबांच्या समोर रेडिओ लावला तर म्हणाले, "हे काय सकाळी सकाळी, बंद कर." तेव्हापासून आमच्याकडे सकाळी रेडिओ लागलेला नाही. तेहतीसपैकी तीन नोट्सही डिलीट करून बघितल्या. काही परत आलं नाही. कमेंटमध्ये "नोट डिलीट करून बघ" असं लिहिणार असाल तर कृपया लिहू नका.

त्यानंतर मी घरच्या नोट्स बंद केल्या. एकदाच मोह झाला होता. आईच्या आठवणीने बाबा फार रडले त्या दिवशी मी एक कोरी नोट उघडली होती. "आई गेली" एवढं लिहिलं असतं तर कदाचित... पण मग ते रोज संध्याकाळी तिची वाट बघत बसले असते. मी नोट बंद केली.

आता मला एवढंच सांभाळायचं होतं. एक कलम आणि त्याला बांधलेली मी. बाबा रोज चहा झाला की कुंपणाशी जाऊन त्या बुंध्याला हात लावून यायचे. परत येताना मला नावाने हाक मारायचे. ती हाक आली की माझा दिवस सुरू व्हायचा. माझ्या नावाची मी कधी कुठे नोट केली नाही. डेस्कटॉपला पासवर्ड घातला. पण बाबांना राग आला, "माझ्यापासून काय लपवतेस?" म्हणून काढून टाकला. ते कुठे टायपिंग करणार होते?

बाबा एकतीस वर्षं सरकारी नोकरीत होते, आणि पहिली दहा वर्षं टायपिस्ट म्हणून. हे मी विसरले.

फेब्रुवारीत एका दुपारी मी त्यांच्या गोळ्या आणायला बाजारात गेले. शेजारच्या सुमाकाकूंना बसवून गेले होते. परत आले तर काकू दारातच भेटल्या.

"अगो, तुझे बाबा आज साहेब झालेत. कॉम्प्युटरवर बसलेत. मला म्हणतात, डिस्टर्ब करू नका!"

मी चपला न काढता आत गेले. बाबा माझ्या खुर्चीत बसले होते. चष्मा नाकावर, चेहऱ्यावर ऑफिसात काम हातावेगळं केल्याचं समाधान.

"तुझ्या यादीत चूक होती," ते म्हणाले. "मी मोजली. तीसच निघाली. आपली कलमं चौतीस. चार कमी. त्यातली तीन कुठली ते मला आठवेना. पण एक आठवलं, ते घातलं."

स्क्रीनवर हिरवी नोट होती. एकाही चुकीशिवाय.

३४. बारशाचं कलम. कुंपणाजवळ. माझ्या मुलीचं. आणि खाली माझं नाव, त्यांचं नाव, आडनाव. त्याखाली — स्वभाव: शांत. बोलत नाही पण सगळं बघते.

मी काय बोलले ते आठवत नाही. काकू म्हणाल्या, "रडतेस काय, एवढं छान लिहिलंय." बाबा गोंधळले. "चुकलं का काही?"

"नाही बाबा. बरोबर आहे सगळं."

सूर्य अजून वर होता. मला हिशेब माहीत होता, सकाळपर्यंतचा. मी त्यांना कुंपणाशी घेऊन गेले. त्यांनी बुंध्याला हात लावला. मोहर चांगला आला होता, वास येत होता. मी म्हटलं, "बाबा, मला हाक मारा ना."

"समोर तर उभी आहेस. हाक कशाला?"

"मारा ना."

त्यांनी मारली. मी परत सांगितलं. पाच-सहा वेळा झाल्यावर म्हणाले, "काय गो बाय, वेड लागलं का तुला?" आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. जेवताना त्यांनी आत्याच्या एसटीची गोष्ट सांगितली. मी पहिल्यांदाच ऐकतेय अशी ऐकली.

सकाळी ते ओट्यावर होते. मी चहा नेला, आलं घालून. त्यांनी नीट सावरून कप घेतला, अनोळखी माणसाकडून घेतात तसा. माझ्याकडे बघून भिडस्तपणे हसले.

"सुमाने पाठवलीन का तुम्हाला?"

आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी मला "तुम्ही" म्हटलं.

चहा झाल्यावर ते उठले नाहीत. कुंपणाकडे गेले नाहीत. त्यानंतर कधीच नाही.

डॉक्टर म्हणाले, अपेक्षेपेक्षा लवकर झालं, पण होतं असं. ओळखीच्या एकाने कॉम्प्युटर तपासला. काही बिघाड नाही, ते ॲप सगळ्यांकडे असतं तसंच आहे. हे का झालं, मला अजूनही माहीत नाही. आजारच असेल. तेहतीस आणि एक हा योगायोग असेल, रेडिओही योगायोग असेल. पण ती शेवटची नोट मी डिलीट केलेली नाही. माझा स्वभाव त्यांनी लिहून ठेवलेला दुसरीकडे कुठे नाही.

या अनुभवाखाली मी नाव घातलेलं नाही, विचारू नका. रोज सकाळी बाबांना मात्र सांगते, कारण ते रोज विचारतात. चहाचा कप घेतात आणि अदबीने म्हणतात, "तुमचं नाव काय हो?"

मी सांगते.

"छान आहे," ते म्हणतात. "कोणी ठेवलं?"