वेल्सच्या वकिलाची सुट्टी

इकडे आखातात, अल मलाझमधल्या आमच्या लॉ ऑफिसात सल्लागार म्हणून येणारा वेल्सचा म्हातारा वकील मोबाइलवर स्वतःची जमीन दाखवायचा. टेकडीपर्यंत सगळी त्याच्या एकट्याच्या नावावर. माझ्या रत्नागिरीतल्या चार गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर सदतीस भाऊबंदांची नावं आहेत. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

वर तो तिकडे मॅजिस्ट्रेट, तेही बिनपगारी, हौस म्हणून.

गेल्या वर्षी आम्ही एकाच आठवड्यात सुट्टीवर गेलो. तो तिकडच्या कोर्टात खुर्चीवर बसायला, मी आमच्या वाटणीच्या दाव्यात हात बांधून उभा राहायला.

परत आल्यावर त्याने विचारलं, "काय झालं तुझ्या केसचं?"

"पुढची तारीख मिळाली."

चहा ढवळत तो म्हणाला, "मीही तिघांना दिली. विमान गाठायचं होतं."