सयाजीदादाची चकचकीत फरशी

माझा थोरला भाऊ सयाजी चाकणच्या एका मोटार कंपनीत पेंटशॉपला सुपरवायझर आहे, आणि हे तो भेटणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वाक्यात सांगतो. लग्नात सांगतो, दहाव्यालाही सांगतो. गाडीवर शेवटचा जो पारदर्शक थर मारतात, ज्याला ते लोक क्लिअर कोट म्हणतात, तो मारणाऱ्या पोरांवर दादा लक्ष ठेवतो. स्वतः मारत नाही. तरी त्याला वाटतं, जगातल्या सगळ्या चकाकीचा ठेका आपणच घेतलाय.

शाळेत असताना हाच माणूस वह्यांना कव्हरं घालण्यात अख्खी संध्याकाळ घालवायचा, आणि आत अक्षर कोंबडीच्या पायाचं. आता मोटरसायकल रोज पुसतो, ऑइल मात्र बदलत नाही. जयमालावहिनी तापाने फणफणली होती तेव्हा ह्याने तिच्याच खोलीला ऑइलपेंट मारला. म्हणे तिला प्रसन्न वाटेल. वासाने ती बिचारी ओकून ओकून बेजार झाली. असा हा आमच्या घराण्याचा दिवा.

चिखलीतलं आमचं जुनं घर पाडून दादाने त्याच जागेवर नवं बांधलं. आईचं, म्हणजे अंबुबाईचं, एकच मागणं होतं: खाली शहाबादी फरशी हवी. तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती दापोडीला माझ्याकडे राहत होती. डॉक्टरांनी काठी दिली, म्हणाले, आता चालणं तुमच्या हातात. आई रोज काठी टेकत माझ्या दोन खोल्यांत फेऱ्या मारायची. "माज्या घरात मी कुनाचा हात न धरता देवापतूर जानार," हे तिचं घोकणं. शहाबादीवर पाय धरतो हे तिला जन्मभराच्या सवयीने ठाऊक होतं. एवढंच तिला हवं होतं, आणि एवढंही ह्याला देता आलं नाही.

आता ही फरशी तेल पिते, हळद सांडली की डाग धरते. म्हणून तिच्यावर सीलर मारतात. दादाला घेऊन मी स्वतः चिंचवडच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने नीट सांगितलं. एक सीलर दगडात मुरतो, वर काही दिसत नाही, दगड पायाला होता तसाच लागतो. दुसरा वर पापुद्रा धरतो, चमकतो, पण पाणी पडलं की त्यावरून पाय घसरतो. कुठलाही घ्या, आधी फरशी पूर्ण वाळू द्या आणि एखाद्या कोपऱ्यात मारून बघा.

"दादा, मुरणारा घे," मी म्हटलं. "आईसाठी."

पानात शिळी भाजी वाढल्यासारखं तोंड करून दादाने तो डबा बाजूला सारला. "दिसतच न्हाई तर मारायचं कशाला? आन मला शिकवतुय ह्यो दुकानदार! आमी गाड्या चमकवतो, फरशी काय चीज हाय?"

गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीला, ओळखीच्या एका गॅरेजवाल्याकडून त्याने क्लिअर कोटचे डबे आणि स्प्रेगन आणली. गाडीच्या पत्र्याला मारायचं ते दगडाला! सांधे भरून नुकतीच धुतलेली फरशी खालून अजून ओली होती. कोपऱ्यात मारून बघणं वगैरे किरकोळ माणसांची कामं. साहेब तोंडाला मास्क बांधून थरावर थर मारत सुटले. वाळल्यावर वाकलं तर फरशीत तोंड दिसायला लागलं. दादा वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. मग फोटो कंपनीच्या ग्रुपवर गेले, शेजारीपाजारी बोलावून दाखवणं झालं.

मी फोनवर विचारलं, "ओली झाली की घसरत नाही ना?"

"घरात पानी कोन सांडतंय, विजे? अडानी का आमी?"

पंधरा दिवसांत खालची ओल वर यायला वाट राहिली नाही आणि थराखाली पांढरट चट्टे उठले. दादाने त्यांच्यावर सोफा सरकवला. चूक झाकायला त्याला नेहमीच सुचतं.

आईला घेऊन मी चिखलीला गेले त्या दिवशी दारात भावकी जमली होती. वहिनी भाकरतुकडा घेऊन उभी. आजारपणातून घरी येणाऱ्यावरून तो ओवाळून टाकायचा आणि पायांवर तांब्याभर पाणी घालायचं, ही आमच्यातली पद्धत. वहिनीने मनापासून घातलं. आईचे दोन्ही पाय चिंब झाले. मी पुसायला वाकणार तोच आईने माझा हात सोडवला.

"सोड. मी जाती."

तिचा चेहरा काय खुलला होता! तिने काठी टेकली, उंबरा ओलांडला, जपून एक पाऊल टाकलं, मग दुसरं. देव्हारा समोर दिसत होता.

तेवढ्यात दादा ओरडला, "आई, काठी उचल! वरखडा पडंल!"

माझ्या भोळ्या आईने लेकाचं ऐकलं. काठी उचलली.

मी मागून कमरेला धरलं म्हणून हाड वाचलं. पण ती खाली बसलीच, सगळ्या भावकीसमोर. काठी लांब जाऊन पडली. दादा धावला, पण आईकडे नाही. काठी पडली होती तिथे तो गुडघ्यांवर बसला, खिशातला रुमाल काढून फरशी पुसली आणि मान तिरकी करून उजेडात बघू लागला. मला त्या क्षणी त्याची किळस आली. अजून येते.

आईने उठायचा प्रयत्न केला, पाय धरेना. मग ती बसल्या बसल्याच मागे सरकत उंबऱ्यापर्यंत आली. वहिनी रडत होती. चौकटीला धरून आई उभी राहिली आणि मी तिची काठी आणून दिली.

"काय झालं न्हाई, आई," दादा म्हणाला. "वरखडा न्हाई पडला."

आईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "व्हय रं बाबा. ग्वाड हाय तुजं घर. जप त्याला." मग माझ्याकडे वळली. "विजे, रिक्षा बोलीव."

फाटकापर्यंतच्या मातीवरून ती काठी टेकत एकटी चालत गेली. मी मागे वळून पाहिलं. दादा आत ओणवा होऊन आईच्या ओल्या पावलांचे ठसे पुसत होता.