रॅम्पवरच्या पट्ट्या

"बाकी जे पाहिजेन ते टाक, पन विंच नको," काकाजी म्हणाले आणि रिकामा कप त्यांनी माझ्या वेल्डिंगच्या टेबलावर पालथा घातला.

विंच म्हणजे ट्रेलरच्या आत, पुढच्या भिंतीजवळ बसवतात ती चरखी. तिच्यावर तार गुंडाळलेली असते. गाडी स्वतःच्या जोरावर चढेना झाली की तार अडकवायची आणि तिला आत ओढून घ्यायचं. रेसची गाडी वाहून नेणारा बंद ट्रेलर विंचशिवाय मी पाहिलेला नव्हता. तसं मी म्हणालोही. काकाजींनी माझ्याकडं पाहिलं, मग गेटबाहेर उभ्या जीपकडं. जीपमध्ये त्यांचा मुलगा बसलेला होता. तो खाली उतरला नव्हता.

"पटाच्या दिवशी जोडी आपन कधी ओढून चढवली नाई," ते म्हणाले. "वेसन धरून ओढला तं तो बैल त्या दिवशी पयतच नाई. त्याच्या पायानं चढला पाहिजे. नाई चढला तं घरी ठेवावा, पट सोडून द्यावा. हे बी तसंच."

बैलजोड्यांच्या शर्यतीला इकडं पट म्हणतात. काकाजींचं घर दारव्ह्याकडचं. कापूस, सोयाबीन, तूर, आणि पटाची जोडी वडलांच्या वेळेपासून दारात. मुलाला मात्र मोटारींच्या शर्यतीचं वेड लागलं. डांबरी ट्रॅकवरच्या शर्यती, त्याही दूर दक्षिणेत. इतकी वर्षं तो गाडी उघड्या ट्रकवर टाकून न्यायचा. शर्यतीत कधी ओरखडा आला नाही त्याला. मग दारव्हा रोडवर मोटरसायकल घसरली आणि डावा पाय मांडीपासून मोडला. हाड जुळलं. पायातला जोर परत आला नाही, आणि येईल असं डॉक्टरांनीही सांगितलं नाही. क्लच डाव्या पायाचा असतो.

काकाजींनी डॉक्टरांचं ऐकून घेतलं आणि ते आमच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमचा बंद ट्रेलर सांगायला आले. दारात ट्रेलर उभा राहिला की पोरगा उठेल, असं त्यांनी मालकांना सांगितलं. मालक हो म्हणाले. नाही म्हणून काय करणार?

हे शेड यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, ट्रकच्या बॉड्या. सगळं लोखंड. मी आलो तो ॲल्युमिनियमच्या वेल्डिंग मशीनबरोबर. कोल्हापूरकडचा आमचा कारखाना बंद पडला, मशीन विकायला निघालं, मालकांनी ते घेतलं आणि चालवून दाखवायला माणूस हवा म्हणून मला ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसवून आणलं. शिकवून परत जायचं ठरलं होतं. परत कुठं, ते ठरलं नव्हतं. आठवीतून शाळा सोडलेली. हाताला येतं ते एवढंच. मालकांनी पुढं विषय काढला नाही आणि मी तर नाहीच नाही. वहिनींनी, म्हणजे मालकांच्या बायकोनं, डब्यात माझी भाकर वाढवली. पहिल्या दिवशी वाढवली ती वाढवलीच. त्या भाकरीचे उपकार मी अजून कुणाला नीट बोलून दाखवलेले नाहीत.

शेडमध्ये मला नावानं कुणी हाक मारत नाही. "ओ कोल्हापूर!" म्हणतात. मी 'कशाला' म्हटलं की सगळे मिळून "कायले, कायले" करतात. मला राग येत नाही. ज्याला चिडवतात त्याला लगेच घालवून देत नाहीत, अशी माझी एक समजूत आहे.

कारण भीती तीच होती. यवतमाळात ॲल्युमिनियम मागतो कोण? मशीनवर प्लॅस्टिक पांघरलेलं असायचं आणि मी दिवसभर गंज खरवड, रंग मार, शेड झाड, असं काहीबाही अंगावर ओढून घ्यायचो. मालक म्हणायचे, "बस ना गा थोडा." बसलो की लगेच उठून झाडू हातात घ्यायचो. आई फोनवर विचारायची, "मशीनचं काम संपलं का रं?" संपलं म्हणावं तर इथं का राहिलास म्हणेल, आणि चाललंय म्हणावं तर खोटं. काकाजी आले आणि निदान आईला खरं सांगता आलं.

ट्रेलर मी आधी फरशीवर काढतो, खडूनं, आहे तेवढ्या मापाचा. कागदावरचं माप गिऱ्हाइकाला कळत नाही, फरशीवरचं अंगाला कळतं. काकाजींना ते फार आवडलं. चप्पल बाहेर काढून ते खडूच्या रेघेच्या आत आले. एक स्टूल मागवलं, जिथं गाडीतली सीट येईल तिथं ठेवलं आणि त्यावर पाय लांब करून बसले.

"हां. आता मी आत बसलो. उतरू कुठून?"

"उजवीकडं दार ठेवता येतं काकाजी. भिंतीतच. गाडीचं दार उघडलं की हे पण उघडायचं, सरळ बाहेर."

"मोठं ठेव. काठी घेऊन मानूस निघन एवढं. खाली पायरी दे. पायरी बी रुंद."

पुढं सगळं तसंच झालं. लांबी विचारली, तर म्हणाले, गाडी मावून पुढं एक माणूस झोपेल एवढी. जमिनीला रबर. टायर ठेवायला फळ्या, हेल्मेटला कप्पा, छताला दिवे. हवेला झडपा म्हटल्यावर त्यांनी पुढच्या भिंतीत एक खिडकी मागितली, बरोबर गाडीच्या नाकासमोर.

"गाडीला कशाला खिडकी?" मी विचारलं.

"कायले!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

काकाजी हसले नाहीत. "जनावराले रस्ता दिसला पाहिजे. अंधारात नेलं का ते बिथरते," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "गाडी नाई बिथरत. पन ठेव."

ठेवली. मागचा दरवाजा खाली पडून त्याचाच रॅम्प होणार होता. काकाजी म्हणाले, त्यावर आडव्या पट्ट्या पाहिजेत, वीतभर अंतरानं. बैल वाहून नेणाऱ्या गाडीला तशा असतात, खूर सरकू नये म्हणून. मी सांगितलं की ही गाडी बुटकी आहे, नाक जमिनीला टेकल्यासारखं असतं, पट्ट्यांना अडकेल. काकाजी म्हणाले, "बापू, चढनं-उतरनं मले नको शिकवू. पन्नास पटं फिरलो." मालकांनी डोळ्यांनी मला गप्प केलं. शेडमधल्या सगळ्यांनाही पट्ट्याच बरोबर वाटत होत्या. त्यांच्या हातांनी आजवर जेवढे रॅम्प केले, तेवढ्यांवरून खूरच गेलेले.

काम चालू असताना काकाजी वरचेवर यायचे. येताना वाटेत तुरीच्या शेंगा मोडून आणायचे, माझ्यापुढं ठेवायचे. "घरी कोन हाय तुह्या?" असं या जिल्ह्यात मला विचारणारे ते पहिलेच. मुलगा दर खेपेला जीपमध्ये असायचा. एका दुपारी काकाजी मालकांबरोबर हिशेबाला आत गेले, तेव्हा जीपचं दार उघडलं आणि तो काठी टेकत माझ्यापर्यंत आला. माझ्याच वयाचा. ट्रेलरचा सांगाडा उभा झालेला होता. त्यानं त्यावरून हात फिरवला, जोड पाहिला.

"भारी करून राह्यला बे तू."

मी म्हटलं, तुमच्या वडलांचीच सगळी पसंती.

"विंच?"

"नको म्हणालेत."

त्यानं पुढच्या भिंतीजवळच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. मग म्हणाला, "मी घरी रोज बसून पाहातो गाडीत. दाबतो. अर्धा जाते क्लच. अर्ध्याच्या खाली पायच नाई राहात, कोनाचा दुसऱ्याचा असल्यासारखा होते." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "बाबाले सांगनं मले जमत नाई. तू विंचची जागा तेवढी करून ठेव."

तो परत जीपमध्ये जाऊन बसला. बापाचं ऐकावं तर मुलाचं मोडतं, मुलाचं ऐकावं तर गिऱ्हाईक बाप. शेवटी मालकांना विचारलं. मालक बराच वेळ पेन्सिल कानात घालत राहिले आणि म्हणाले, "रबराखाली जाड प्लेट टाकून दे. दिसत नाई. लागली तं लागली." मी टाकली. चारी बाजूंनी इतकी पक्की वेल्ड केली की तेवढी कशालाच केली नव्हती. ती लागू नये, असं वेल्ड मारताना म्हणत होतो.

ट्रेलर झाला. चांदीसारखा दिसत होता, खोटं कशाला बोलू. आसपासच्या शेडमधले लोक पाहायला आले. गाडी गावाहून ट्रकनं आणवली, शेडसमोर उतरवली. काकाजी स्वच्छ धोतरात आले होते. वहिनींनी नारळ पाठवला होता. तो फुटला आणि काकाजी मुलाला म्हणाले, "चाल. बस."

मुलगा बसला. काठी त्यानं माझ्या हातात दिली.

पहिल्या खेपेला गाडी झटका खाऊन पुढं गेली, रॅम्पला लागली आणि नाकाखालचा पत्रा पहिल्याच पट्टीला धडकला. आवाज असा आला की काकाजींनी दोन्ही हात कानांवर नेले. मी मालकांकडं पाहिलं. मालक म्हणाले, "ग्राइंडर आन." मी सगळ्या पट्ट्या कापून काढल्या. काकाजी बाजूला उभे राहून पाहत होते. "माहीच चूक," ते एकदा म्हणाले. त्यांच्या तोंडावर मला समाधानच दिसलं, हे लिहायला बरं वाटत नाही. गाडी चढली नाही ती पट्ट्यांमुळं, असं आता म्हणता येत होतं.

रॅम्प गुळगुळीत झाला. मुलगा परत बसला. कुणीतरी पटात मारतात तशी आरोळी ठोकली, दुसऱ्यानं साथ दिली. इंजिनाचा आवाज चढला. गाडी हलली, पुढची चाकं रॅम्पवर आली आणि बंद पडून मागं घरंगळली. त्यानं परत चालू केली. परत तेच. मी उजव्या बाजूला उभा होतो. काचेतून त्याचा हात दिसला, डावा गुडघा वरून धरून खाली दाबणारा. आरोळ्या थांबल्या. पुन्हा एकदा गाडी हलली. आता ती रॅम्पपर्यंतही पोचली नाही.

काकाजी म्हणाले, "ऊन लय हाय. इंजिन तापलं असन. थोडं थांबू."

मुलानं काच खाली घेतली.

"बाबा," तो म्हणाला, "ओढू द्या आता."

काकाजींनी माझ्याकडं पाहिलं. "विंच तं नाई ना बसवला."

"प्लेट आहे काकाजी. रबराखाली." मी म्हणालो. "शेडमधली हातचरखी लावता येईल."

ते मला ओरडतील याची वाट पाहत होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मान हलवली, दारव्हा रोडच्या बाजूला तोंड केलं आणि पाठ आमच्याकडं करून उभे राहिले. जोडी ओढली जाताना तिच्या मालकानं पाहायचं नसतं, असं मला नंतर शेडमधल्यांनी सांगितलं.

मी चरखी बसवली, तार अडकवली, दांडा फिरवू लागलो. गाडी आवाज न करता वर चढत आली. मुलगा स्टिअरिंग धरून बसलेला होता, तोंड समोर, गाडीच्या नाकासमोरच्या त्या खिडकीकडं. चाकं रबरावर आली तेव्हा तो म्हणाला, "बस." उजवीकडचं दार उघडलं. मी काठी पुढं केली. पायरी रुंद होती, उतरायला अडचण आली नाही.

काकाजी वळले, सगळ्यांना पेढे दिले. मलाही दिला, आणि पाठीवर हात ठेवला. ट्रेलर जीपला जोडून ते गेले.

त्यानंतर मशीनवर परत प्लॅस्टिक आलं. मालक अजून काही म्हणालेले नाहीत. वहिनींची भाकरही येते. रोज डबा उघडताना माझी भाकर आहे ना ते आधी बघतो, मग हात घालतो.

काकाजी परत आले ते थंडी सुरू झाल्यावर. एकटेच आले होते, जीपमागं ट्रेलर. मी पळत गेलो. वाटलं, कुठला जोड उकलला की काय. आत गाडी नव्हती. टायरच्या फळ्या काढून टाकलेल्या होत्या, रबरावर कडबा पडलेला. खिडकीच्या काचेवर आतून ओली नाकं घासल्याचे डाग होते.

"उमरखेडकडं पट हाय," काकाजी म्हणाले. "त्या पट्ट्या परत लावून दे. खूर सरकते."

"गाडी कुठं ठेवली?"

"हाय ना. कोठ्यात, बैलाईच्या बाजूले." ते खाली बसून रॅम्पवर बोट फिरवत होते, मी घासलेल्या खुणांवरून. "झाकून ठेवली त्यानं."

एकदा कापलेल्या जागी ॲल्युमिनियम पुन्हा वेल्ड केलं की आधीची ताकद राहत नाही. ते मी सांगितलं. काकाजी म्हणाले, बैलापुरती राहिली म्हणजे झालं. मी मशीनवरचं प्लॅस्टिक काढलं, झटकून घडी केलं आणि जुन्या खुणांवरच एकेक पट्टी ठेवत गेलो. वीतभर अंतर मोजावं लागलं नाही.