दसऱ्याआधी आलेला पाहुणा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आता नव्वदी ओलांडली, तेव्हा सांगून टाकतो.

पन्नासच्या दशकात मी सावली गावाजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. आश्विनात धान निसवू लागलं की उत्तरेकडून शिकारी पक्षी यायचे. भोवत्या ससाणे धानावरून इतक्या खालून तरंगत जायचे, की वाटावं, ह्यांचं काहीतरी हरवलंय. आणि तलावावर यायचा मासे धरणारा, पांढऱ्या पोटाचा गरुड. गाव त्याला नुसतं ‘पाहुणा’ म्हणायचं. पाहुणा आल्याशिवाय तलावात मोठं जाळं पडत नसे, आणि ज्याला तो आधी दिसेल त्याची पहिली मरळ.

ती मरळ दर वर्षी एका म्हाताऱ्या मासेमाराच्या घरी जायची. मी त्यांना भाऊ म्हणायचो. तलावाच्या पाळीवर त्यांच्या शेजारी मी, गळ्यात जुन्या बाजारातली दुर्बीण. जाता-येता लोक विचारत, “काऊन जी मास्तर, दोन दोन नळ्या लावून बी तुमाले काई दिसत नाई?”

पाचव्या वर्षी मला ते सोसवेना. दसऱ्याला चार दिवस असताना उन्हाआड एक पक्षी घिरट्या घालत होता. घार होती. दुर्बिणीतून स्वच्छ दिसत होती. मी ओरडलो, “पाहुणा आला!”

भाऊंनी कपाळावर हात धरून बराच वेळ पाहिलं. “मले त घारच दिसून राह्यली.” मग माझ्या दुर्बिणीकडे पाहिलं. “पर मास्तर कायले खोटं बोलतीन?”

जाळं पडलं. शेवाळ, खेकडे आणि एक मरळ निघाली. रिवाजाप्रमाणे ती माझ्याकडे आली. मरळीला काटे कमी असतात म्हणतात. माझ्या घशात ती सबंध अडकली. तरी संपवली, हेही कबूल करतो.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ पाळीवर येईनात. चौकशी केली तर सून म्हणाली, “बाबा म्हणतेत, डोळे गेले आपले. भिंतीकडं तोंड करून बसले हायत.”

आठवड्याने खरा पाहुणा आला. मी धावत त्यांच्या घरी गेलो. वाटेत कबुली पाठ केली होती, पण त्यांची पाठ पाहिली आणि तोंडून निघालं, “भाऊ, चला, दुसरा आला! यंदा जोडी आहे!”

ते आले. माझी दुर्बीण डोळ्यांपर्यंत जायच्या आत त्यांनी बोट दाखवलं. “तो पाहा, वाळल्या ऐनाच्या शेंड्यावर! पंज्यात मासोळी बी हाय!” चेहरा उजळला, आणि लगेच आठी पडली. “मंग पयला कुठी गेला जी?”

“येईल,” मी म्हणालो.

झालं. भाऊ त्या पहिल्याची वाट पाहू लागले. त्या वर्षी, आणि पुढे दर वर्षी, थंडी पडेपर्यंत. पाहुणा दिसला, जाळं पडलं, मरळ घरी गेली, तरी उठायचे नाहीत. “जोडीतला एक राह्यला, मास्तर.” सून पाळीखालून ओरडायची, “बाबा, धान का तो पाखरू कापन?”

त्या बैठकीत मी जे पाहिलं ते आयुष्यात पुन्हा दिसलं नाही. संध्याकाळी गवतात उतरणारे वीस-वीस भोवत्ये, आणि एकदा तर आमच्या डोक्यावरच पोपटाला उडवून नेणारा बहिरी ससाणा. पिसं भाऊंच्या पागोट्यावर पडली.

खरं सांगायचं मी दर आश्विनात ठरवायचो. पण सांगितलं असतं तर भाऊ पाहुणा दिसताच उठून घरी गेले असते, आणि मला एकट्याला बसावं लागलं असतं. बदली होईपर्यंत नाही सांगितलं.