वेल्सच्या घळीत नागपूरचा चंद्र

आधीच सांगून टाकते, त्या दिवशी आम्ही तिघंही सुखरूप घरी आलो. नाहीतर वाचताना तुमच्या जिवाला उगाच घोर लागायचा. माझ्या जिवाला लागला तेवढा पुरे आहे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा वेल्समध्ये, कार्डिफला राहत होतो. नवरा एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये, मी हॉस्पिटलच्या फार्मसीत. नवऱ्याला ऑफिसने अमेरिकेला पाठवलं होतं. तिथे कोणीतरी त्याला वाळवंटातल्या लाल खडकांच्या घळींमधून जीपने फिरवून आणलं, आणि गेला होता तो माणूस काही परत आला नाही. जो आला त्याने महिन्याभरात एक जुनी, खटारा फोर-बाय-फोर विकत घेऊन दारात उभी केली. वेल्समध्ये वाळवंट कुठून आणणार? पण इथे डोंगरांतून जुन्या बैलगाडीच्या वाटा आहेत. त्यातल्या काही वाटांवर गाडी न्यायला कायद्याने परवानगी असते. त्यांना ग्रीन लेन म्हणतात. नाव गोड आहे, प्रत्यक्षात चिखल आणि धोंडे.

त्या वर्षी सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना मी आईच म्हणते. आमचं तसं बरं चालायचं, म्हणजे दिवसातून दोनदा तरी वाजायचं. मोठं भांडण एकदाच झालं, आदल्या महिन्यातल्या संकष्टीला. त्यांना डायबेटिस होता, आणि त्यांचा उपास साबुदाण्याची खिचडी खाऊन करण्यातला नव्हता. दिवसभर फक्त बिनसाखरेचा चहा, आणि चंद्र दिसल्यावर जेवण. मी त्यांना औषधांच्या भाषेत खडसावलं, की हे असले उपास आता बंद. त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, पटलं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी अशी भाबडी.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. मी पराठे केले होते, लसणाची चटणी, दही. वाटेत एका तळ्याकाठी जेवायला थांबलो तर आई म्हणाल्या, "मला गाडी लागते बाई. मी रिकाम्या पोटीच बरी." रस्ता वळणावळणाचा होता, त्यामुळे मलाही ते खरं वाटलं.

दुपारनंतर आम्ही एका बंद पडलेल्या खाणीच्या मागच्या घळीत शिरलो. दोन्ही बाजूंना काळ्यानिळ्या पाटीच्या दगडाच्या उभ्या भिंती, खाली पाण्याने कोरलेली वाट आणि वर आभाळाची एक पट्टी. नवरा खुशीत होता. "बघ, अगदी तिकडच्यासारखं आहे ना? फक्त कलर वेगळा." हे वाक्य संपतंय तोवर गाडीचं पोट एका दगडावर टेकलं आणि चाकं नुसती गरगर फिरायला लागली.

"डोन्ट वरी," नवरा म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून आले की मी काळजी करायला लागते. त्याने फावडं आणि जॅक काढला आणि गाडीखाली अर्धा गडप झाला. मोबाइलला रेंज नव्हती. मोठा रस्ता तासाभराच्या चालीवर. मी एका धोंड्यावर बसून अमेरिकेला शिव्या देत होते. आई मागच्या सीटवर खिडकी उघडून मुलाला सूचना देत होत्या. "काय करून राहिला रे तू? आधी तो मोठा दगड काढ ना. तुझ्या बाबांनी असली गाडी दारात उभी केली नसती."

मग त्या गप्प झाल्या.

पहिली काही मिनिटं मला बरंच वाटलं. पण आई जाग्या असताना इतका वेळ गप्प बसतात, हे माझ्या पाहण्यात नव्हतं. उठून खिडकीशी गेले. त्या घळीत चांगलाच गारवा होता, आणि आईंच्या कपाळावरून घाम निथळत होता. हात थरथरत होते. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "भाजीवाला येऊन गेला का गं?"

साखर उतरली की माणूस असाच घामाघूम होतो, असंच काहीबाही बोलतो, हे मी रोज काउंटरवर लोकांना समजावून सांगत असे. पुढची पायरीही मला माहीत होती. शुद्ध गेली की तोंडातून काही देता येत नाही, आणि त्या घळीत ॲम्ब्युलन्स बोलावणार कशी?

"आई, सकाळपासून काय खाल्लंत?"

"आज चतुर्थी आहे ना."

"आणि गोळी?"

"घेतली ना. डॉक्टरांनी सांगितलंय, गोळी चुकवायची नाही."

डॉक्टरांचाही शब्द पाळला आणि गणपतीचाही. कोणालाच नाराज करायचं नाही, हा त्यांचा जन्मभराचा स्वभाव. मी नवऱ्याची कोलाची बाटली उघडून त्यांच्या तोंडाशी धरली. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि माझा हात असा ढकलला की अर्धी बाटली माझ्या अंगावर सांडली.

"चंद्र दिसल्याशिवाय नाही."

नवरा चिखलाच्या हातांनी धावत आला. "आई, प्लीज, पी ना गं. मी सांगतो म्हणून पी." त्यांनी त्याच्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं. तो रडकुंडीला आला होता. मी समजावलं, विनवलं, शेवटी ओरडलेही. माझा आवाज त्या भिंतींवर आपटून मलाच परत ऐकू आला. चंद्र उगवायला अजून चार तास तरी होते. तेवढा वेळ आईंकडे नव्हता.

मी चिडून त्यांचं मनगट धरलं. त्यांना गदागदा हलवावं असंच माझ्या मनात होतं. तेवढ्यात हाताखाली त्यांचं घड्याळ लागलं. इकडे आल्यावरही त्यांनी त्यातली भारतातली वेळ बदलली नव्हती. "माझी वेळ तीच आहे," म्हणायच्या. त्यात नऊ वाजून गेले होते.

"आई," मी म्हटलं, आणि माझा आवाज कसा कोण जाणे, एकदम शांत झाला. "किती वाजले बघा. नागपूरला चंद्र उगवलाय."

त्यांनी डोळे बारीक करून घड्याळाकडे पाहिलं. "उगवला?"

"हो. तुमच्या गच्चीवरून दिसतोय. ताईंनी नैवेद्यसुद्धा दाखवला असेल." ताई म्हणजे त्यांच्या थोरल्या जाऊबाई, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या.

आईंनी थरथरते हात जोडले, घळीच्या भिंतीकडे तोंड करून नमस्कार केला, आणि तोंड उघडलं.

उरलेली कोला मी त्यांना घोट घोट पाजली. मग दही, मग पराठ्याचे बारीक तुकडे. नवरा त्यांचे पाय धरून बसला होता. हळूहळू घाम थांबला. डोळ्यांत ओळख आली. आणि मग आई म्हणाल्या, "चटणीत लसूण घातलास? चतुर्थीला?"

त्या क्षणी मला जे वाटलं ते सुटकेपेक्षा मोठं होतं. आयुष्यात कुठल्या कौतुकाने मी इतकी सुखावले नसेन. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नवऱ्याने चाकांखाली पाटीचे चपटे दगड रचले, आईंनी खिडकीतून रचना पसंत केली, आणि दुसऱ्या प्रयत्नात गाडी मागे निघाली. घरी येईपर्यंत आई अखंड बोलत होत्या. त्यांना कोणीही अडवलं नाही.

सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन गोळी बदलून घेतली. उपास मात्र मी बंद करू शकले नाही. आईंनी एवढंच कबूल केलं, की कार्डिफमध्येही चंद्र नागपूरचाच धरायचा. पुढच्या संकष्ट्यांना त्यांचं जेवण आमच्या दुपारच्या चहाच्या वेळेला व्हायचं.

मग त्या परत गेल्या. पहिल्याच संकष्टीला मी फार्मसीत होते, आणि दुपारभर काही सुचत नव्हतं. आता तिथे त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी नव्हते. शेवटी मोबाइल वाजला. पलीकडून आई म्हणाल्या, "उगवला बरं का. पान वाढलंय. तू कर आता तुझं काम."

पुढे कित्येक वर्षं दर संकष्टीला हा फोन यायचा. पावसाळ्यात तिकडे ढग असले तर उशीर व्हायचा, आणि मी, आयुष्यात कधी एक उपास न केलेली बाई, कार्डिफमध्ये गोळ्या मोजता मोजता नागपूरचं आभाळ मोकळं होण्याची वाट बघत बसायचे.