सखूकाकीला कोणी सांगायचं

नम्रता पाष्टे आमच्या गावची पोलीस पाटील झाली तेव्हा एकतीस वर्षांची होती. पहिलं वर्षभर लोक काम घेऊन यायचे आणि तिच्या नवऱ्याला विचारायचे, "पाटील हायत काय घरात?" तो बिचारा रिक्षा पुसता पुसता आत बोट दाखवायचा. "मी पाटलीण. पाटील आत भाकऱ्या थापतायत."

याला आता अकरा वर्षं झाली. लांज्यापासून आत सात किलोमीटरवर आमचं गाव, पाच वाड्या. बांधाचं भांडण असो, विहिरीत पडलेलं वासरू असो, नम्रता जाते, बघते आणि घरी येऊन वहीत लिहिते. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे 'बघितलं', उजवीकडे 'ऐकलं'. ठाण्यातल्या साहेबांनी एकदा विचारलं, हे कोणी शिकवलं? ती म्हणाली, "कोणी नाही साहेब. घरात सासू आणि जाऊ दोघी भांडायच्या, तिथे शिकले."

गेल्या कार्तिकात मुंबईच्या एका उपनगरातल्या मॉलमध्ये संध्याकाळी एक माणूस बंदूक घेऊन शिरला. चार माणसं जागीच गेली, अकरा जखमी झाली. जखमींत आमच्या वरच्या वाडीतला विनीत होता. वय चोवीस, तिथे लिफ्टवर कामाला. त्याचे वडील भिकाजी मुंबईतच एका सोसायटीत वॉचमन, आई सखू गावी शेत आणि दोन म्हशी सांभाळून. भिकाजींनी आठ वाजता सखूला फोन केला की विनीतला लागलंय, दवाखान्यात आहे, घाबरू नको. ते तेव्हा खरं होतं.

पहाटे पाचला ते खरं राहिलं नाही. भिकाजींचा पुढचा फोन सखूला गेला नाही, नम्रताला आला.

"नमू, गेला गो पोर. पण तिला सांगू नको. हितं पोलिसांचं, डाक्टरांचं सगळं व्हायचं हाय. उद्या सकाळी घेऊन येतंय त्याला. मी येऊन सांगीन. तोवर शिरेस हाय म्हण."

आमच्याकडे असंच करतात. मुंबईत कोणी गेलं की गावातल्या आईला, बायकोला 'शिरेस आहे' एवढंच सांगायचं. खरं काय ते गाडी दारात आल्यावर. त्यात माया आहे. बाईमाणसाने एकटीने एवढा वेळ कसा काढायचा, ही काळजी आहे. नम्रता हो म्हणाली.

सात वाजल्यापासून ती वरच्या वाडीच्या चौदा घरांत फिरली. प्रत्येक घरात विनीतचं सांगायचं आणि टीव्ही बंद करायला लावायचा. कोणी कुरकुरलं नाही. अडला तो फक्त बाबल्या. त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे त्याचा टीव्ही आजूबाजूच्या तीन घरांना पुरतो.

"अगो, बंद करून मी काय बघू? भिंत?"

"आजच्या दिवस भिंत बघा, आजोबा."

"रातीपासनं बघतंय मी. पाच चौकोनांत पाच माणसं, सगळी एकदम बोंबलतायत. मेला कोण ते कोणीच सांगत नाय. आपल्या वाडीच्या सभेत पण येवढा गोंधळ नसतो."

नम्रताने त्याच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. बाबल्याने रिमोट तिच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

टीव्ही बंद होण्यापूर्वी मीही बघत होतो. रात्रभर बंदूकवाला कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा असेल यावर वाद चालला होता. सकाळी त्यांना विनीत सापडला. एका तज्ज्ञांनी सुनावलं, लिफ्टमनने दार वेळेवर बंद केलं असतं तर दोन जीव वाचले असते. दुसऱ्या वाहिनीवर त्याच वेळी तो बंदूकवाल्याला भिडलेला 'कोकणचा वाघ' होता. दोन्हीकडे एकच फोटो होता, बहिणीच्या लग्नातला, फेटा बांधलेला.

नऊ वाजता नम्रता सखूकडे गेली, तर सखू ठेवणीतलं लुगडं नेसून ओटीवर तयार. शेजारी पिशवी. पिशवीत कुळथाचं पीठ, लोणच्याची बरणी, मऊ झालेला जुना टॉवेल.

"नमू, लांज्यासनं मुंबईची गाडी कितीला?"

"काकी, काका म्हणाले थांब."

"ते म्हणणारच. त्यांना दवाखान्यातलं जेवण चालतं. पोराला पिठल्याबिगार घास जात नाय."

"दुपारची गाडी बघू," नम्रता म्हणाली आणि लगेच उठली.

खाली देवळापाशी एक गाडी येऊन थांबली होती. गौरव उतरला, मागे कॅमेरावाला. गौरव लांज्याचा, एका वाहिनीचा जिल्ह्याचा बातमीदार. पोरगा चांगला, पण त्याच्या कानाला सतत मुंबई लागलेली असते.

"ताई, आईचा बाइट पाहिजे. दोन मिनिटं. मला पण बरं वाटत नाही, पण वरून सारखा फोन आहे."

"आईला भेटता यायचं नाही."

"कळतंय ताई. रडत असतील. आम्ही लांबूनच घेतो."

"रडत कशाला असेल?" नम्रता म्हणाली. "तिला माहीतच नाही."

 गौरवने खिशातून मोबाइल काढून तिच्यापुढे धरला. त्याच्याच वाहिनीवर विनीतचा फेट्यातला फोटो होता आणि खाली लाल पट्टी सरकत होती: 'विनीतच्या आईने फोडला हंबरडा, गाव सुन्न.'

"हे मी नाही लिहिलं, ताई. मुंबईत कोणीतरी टाकलंय."

नम्रताने पट्टी पुन्हा फिरून येईपर्यंत वाट बघितली. पुन्हा तेच. सगळ्या महाराष्ट्रासाठी सखू रडून मोकळी झाली होती, आणि इथे वर ओटीवर ती दुपारच्या गाडीची वाट बघत होती.

"अजून किती गाड्या येतायत?"

"दोन. पाली सोडली त्यांनी. अर्ध्या तासात येतील."

"तू इथेच सभामंडपात बस. कॅमेरा पिशवीत. ते आले की त्यांनाही बसव. मी परत येऊन बोलते, काय विचारायचं ते मला विचारा."

तिने तिथूनच भिकाजींना फोन लावला. मी देवळाच्या पायरीवर होतो, म्हणून मला तिचं बोलणं ऐकू आलं.

"काका, मी काकीला सांगतेय. ... नाही. उद्यापर्यंत थांबायला जागा उरली नाही. ... तुम्हाला सांगायचं होतं, कळतंय मला. पण आता तुमच्या आधी टीव्हीवाले सांगतील. ... काका, मी विचारत नाही. तुम्हाला कळवतेय. नंतर माझ्यावर रागवा."

मग ती पायऱ्यांची पाखाडी चढून वर गेली. पुढचं मला तिनेच नंतर सांगितलं.

तिने आधी पिशवी उचलून आत ठेवली. मग सखूच्या समोर न बसता शेजारी बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"काकी, विनीत गेला. आज पहाटे पाचला. मी सकाळपासून तुला सांगितलं नाही, ते चुकलं माझं."

सखूने तिच्याकडे वळून विचारलं,

"कोण व्हतं त्याच्यापाशी?"

"काका. उशाशी होते, हात धरून. त्यांनीच सांगितलं."

"लय दुखलं काय त्याला?"

"ते मला माहीत नाही, काकी. माहीत असतं तर सांगितलं असतं."

त्यानंतर सखू रडली. शेजारच्या घरांतल्या बायका वाटच बघत असल्यासारख्या आल्या. काही तिच्याजवळ बसल्या, बाकीच्या पाखाडीच्या पायऱ्यांवर खालपर्यंत बसून राहिल्या. वर जायचं तर कोणालाही त्यांच्यातून वाट मागावी लागली असती. दुपारपर्यंत तिन्ही गाड्यांतल्या कोणीही ती मागितली नाही.

सभामंडपात नम्रता कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. कानात यंत्र, त्यातून मुंबईच्या निवेदिकेचा आवाज. समोरच्या छोट्या पडद्यावर आम्हाला दोघी दिसत होत्या.

"नम्रताजी, गावात प्रचंड संताप आहे. लोक फाशीची मागणी करतायत. काय सांगाल?"

"आज गावात कोणी भात झोडलं नाही. एवढं मी बघितलंय. फाशीचं कोणी माझ्याकडे बोललं नाही."

"पण विनीत शूर होता. हल्लेखोराला तो भिडला..."

"मी तिथे नव्हते. तुम्ही होतात का?"

"आमची सूत्रं सांगतात..."

"मग सूत्रांना विचारा. मला विनीत माहीत आहे, तो सांगते. गणपतीला दरवर्षी यायचा. आरतीला मागे उभा राहायचा, आवाज लागत नव्हता म्हणून. बहिणीच्या लग्नासाठी तीन वर्षं दोन पाळ्या केल्या. आणि ती खालची पट्टी काढा. त्याच्या आईचं काही तुम्ही ऐकलेलं नाही."

निवेदिका म्हणाली, संपर्कात काही अडचण येते आहे, आणि पाच चौकोन परत आले. पण गौरवने बाजूला जाऊन मुंबईला फोन लावला. पहिल्यांदाच तो वरच्या आवाजात बोलताना मी ऐकला. वीस मिनिटांनी पट्टी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला शववाहिका आली. वाहिन्यांच्या गाड्या आदल्या संध्याकाळीच निघून गेल्या होत्या. दुसरीकडे कुठे पूल पडला होता. गौरव तेवढा आला, कॅमेऱ्याशिवाय, आणि खांदा द्यायला पुढे उभा राहिला.

भिकाजी उतरले. दोन रात्रींत माणूस वाकला होता. सखू रस्त्यावर येऊन उभी असेल, असं त्यांना वाटलं नसावं. नम्रताने सांगितलेलंही बहुधा डोक्यातून गेलं होतं. मुंबईपासून मनात जुळवत आणलेलं वाक्य त्यांनी सुरू केलं.

"सखू, आपल्या विनीतला जरा..."

"म्हायती हाय मला. काल नमूनं सांगितलान." तिने त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. "तुमी कालपासनं काय खाल्लंव काय?"

भिकाजींनी मान हलवली आणि तिथेच, रस्त्यात, तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागले. दीड दिवस सगळं निस्तरायला ते एकटेच बापूस होते. सखूने त्यांना रडू दिलं. मग ती शववाहिकेच्या मागच्या दाराशी गेली आणि उचलायला पुढे झालेल्या पोरांना म्हणाली, "हळू न्या. पाखाडीची तिसरी पायरी हालते."