साडूभाऊंचा डावा अंगठा

आमच्या साडूभाऊंनी आयुष्यात एकही सूर सरळ जाऊ दिलेला नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिवसभर चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. कीबोर्डच्या डाव्या अंगाला दोन छोटी चाकं असतात. एक फिरवलं की सूर वर-खाली वाकतो, दुसरं सरकवलं की त्याला कंप सुटतो. बाकीचे वाजवणारे त्या चाकांना हात लावतात तो धूळ पुसताना. साडूभाऊंचा सगळा जीव त्या चाकांत. 'पट्टी दाबायला काय, मांजर चाललं तरी वाजतंय,' ते म्हणत. 'सूर निघाला की मग खरं काम सुरू होतंय.'

त्यामुळे त्यांचा डावा अंगठा कधी स्वस्थ नसे. ताटाच्या कडेवर, स्कूटरच्या मुठीवर, एकदा तर बसमध्ये पुढच्या सीटवरच्या अनोळखी गृहस्थांच्या खांद्यावर तो फिरत राहिला. अखेर अंगठा सुजला. डॉक्टरांनी पट्टा बांधून तीन आठवडे विश्रांती सांगितली, तर हे म्हणतात, 'जरा तिरपा बांधता का? चाकापर्यंत पोचला म्हंजे झालं.' कुकरच्या शिट्टीपासून सगळ्या आवाजांवर त्यांचं मत ठरलेलं. आमच्या एक चुलत सासूबाई गेल्या तेव्हा दारात हंबरडा फोडणाऱ्या त्यांच्या लेकीकडे बघत ते माझ्या कानात म्हणाले, 'खरं रडायली. सूर कसा खालून उचलला बघा.' मी त्यांच्यापासून चार माणसं सोडून उभा राहिलो.

त्यांना हे वेड लावलं चाचांनी. चाचा शहागंजातले, पिढीजात बँडवाल्यांच्या घरातले, त्याच ऑर्केस्ट्रात क्लॅरनेट वाजवायचे. कीबोर्डमध्ये क्लॅरनेटचा आवाज तयार असतोच, पण साडूभाऊंच्या मते तो श्वास न घेणाऱ्या माणसाचा आवाज होता. म्हणून ते वर्षानुवर्षं चाचांच्या शेजारी बसून ते कुठं दम घेतात, कुठं सूर सोडतात, हे बघत राहिले. मग स्वतः वाजवतानाही सूर चालू आहे तोवर श्वास रोखायचा, असा नेम त्यांनी केला. आमच्या घरी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा ते इतके लाल झाले, की माझ्या बायकोनं तांब्याभर पाणी त्यांच्या तोंडावर मारलं. ते फक्त म्हणाले, 'अजून दोन मात्रा होत्या.'

पुढं चाचांचे समोरचे दात गेले. कवळी बसवली, पण फुंक ठरेना. ऑर्केस्ट्राच्या मालकाला कळलं असतं तर त्यानं त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. मग या दोघांनी जे केलं ते मला साडूभाऊंनी शपथ घालून सांगितलं होतं. चाचा क्लॅरनेट ओठांना लावून, गाल फुगवून, बोटं बरोबर चालवत उभे राहायचे. समोरचा माईक बंद. साडूभाऊ त्यांच्या छातीवर नजर ठेवून कीबोर्डवर तोच सूर काढायचे, चाचांनी दम घेतला की तिथंच तोडायचे. दोन लग्नसराया हे चाललं आणि कुणाला पत्ता लागला नाही. 'ही फसवणूक झाली,' मी एकदा म्हणालो. 'व्हय,' साडूभाऊ म्हणाले. 'मग चाचानं कुठं जावं, ते तुमी सांगा.'

माझ्या मुलीचं रिसेप्शन जालना रोडच्या एका लॉनवर होतं. ऑर्केस्ट्रा अर्थातच साडूभाऊंचा. शेजारी व्याही बसलेले, मी फेट्यात. मला जरा मिरवायची हुक्की आली आणि मी फर्माईश केली, 'पाठवणीचं काहीतरी होऊ द्या, क्लॅरनेटवर.' सगळं माहीत असून केली. साडूभाऊंनी सुरुवात केली. मुलगी त्यांच्याही अंगाखांद्यावर वाढलेली, त्यामुळे असेल, त्यांनी कधी नव्हे ते डोळे मिटले. अंगठा चाकावर, चेहरा लालबुंद. आणि तो लांब सूर चालू असताना चाचांचा हात खाली आला. क्लॅरनेट गुडघ्याशी लोंबतंय आणि लॉनभर क्लॅरनेट वाजतंय. व्याह्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, 'हे काय हो?' माझा याच्याशी काही संबंध नाही हे दाखवायला मी हसलो. मोठ्यानं हसलो. माझ्यामागून मग सगळी मंडळी हसली.

मालकानं स्टेजच्या मागं एवढंच विचारलं, 'मग हा माणूस उभा कशाला करायचा?' चाचांना पुन्हा बोलावणं आलं नाही. घाम पुसायला क्लॅरनेट खाली घेतलं होतं, असं ते सगळ्यांना सांगत राहिले. महिन्याभरानं साडूभाऊंनीही ऑर्केस्ट्रा सोडला. मालकाचं काही अडलं नाही. आता गाणी पेनड्राइव्हमधून येतात आणि कीबोर्डमागं कुणीतरी डोलत उभं असतं. लोक नाचतात. कुणाला काही कमी पडलेलं दिसत नाही, मला याचाच जास्त राग येतो.

साडूभाऊ वर्षभर एकच वाक्य घोकत होते, 'मी डोळे मिटाया नको होते.' माझ्या हसण्याबद्दल ते एका अक्षरानं बोलले नाहीत. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

परवा त्यांच्याबरोबर शहागंजात गेलो. चाचा आता भाच्याच्या गादीच्या दुकानात बसतात. चहा आला आणि साडूभाऊंनी पुन्हा तेच सुरू केलं, 'चाचा, माझ्यामुळं झालं. डोळे उघडे असते तर सूर तोडला असता.' चाचांनी बशी खाली ठेवली.

'पसीना-वसीना कुछ नई था, मियाँ,' ते म्हणाले. 'मैं सुनने लग गया था. हाथ कब नीचे गया, मालूमच नई पडा.' मग म्हणाले, 'दाँत थे तबबी ऐसा नई बजाया मैं.'

 चाचांनी माझ्याकडं बघितलं आणि अजून अर्धा कप घेणार का, असं विचारलं. मी हो म्हणालो. त्या दिवशी तीनशे माणसांत तो सूर ऐकणारा हा एकच माणूस होता, आणि ऐकला म्हणून तो आज गाद्या विकतो आहे. फर्माईश माझी होती, मुलगी माझी होती, आणि तेव्हा काय वाजलं होतं ते मला आठवत नाही.